आई-बाप असूनही मूल ‘अनाथ’ होतं ते कसं? कंबोडियाची गोष्ट

2025 च्या जुलैमध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर पाच दिवस लढाई झाली. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये सीमेवरची जुनी शिवमंदिरं, फ्रेंचांच्या काळातले नकाशे, दोन्ही देशांचे दावे हे सगळं सविस्तर आलं. थायलंडमध्ये बांधकामावर, शेतांवर, मासेमारीच्या बोटींवर राबणारे लाखो कंबोडियन मजूर त्या काळात गाशा गुंडाळून मायदेशी परतले, ही गोष्ट मात्र दोन ओळींत उरकली गेली. त्या मजुरांनी पाठवलेल्या पैशांवर गावाकडे आजी-आजोबांजवळ मुलं वाढत होती. पैसे थांबल्यावर त्या घरांत काय होतं, हे समजून घ्यायला कंबोडियाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा एक चमत्कारिक अनुभव फार उपयोगी पडतो.

तिथलं यादवी युद्ध 1998 च्या अखेरीस पूर्ण थांबलं. म्हणजे युद्धात आई-बाप गमावलेली मुलं पुढच्या दहा-बारा वर्षांत मोठी झाली आणि अनाथांची संख्या कमी होत गेली. अनाथाश्रमांची संख्याही कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. 2005 मध्ये देशात मुलांच्या 154 निवासी संस्था होत्या, 2010 मध्ये 269 झाल्या. त्यातल्या सरकारी फक्त 21. बाकीच्या खासगी, आणि बहुतेक परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या. 2011 मध्ये कंबोडियाचं समाजकल्याण खातं आणि युनिसेफ यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की या संस्थांमधल्या चारपैकी तीन मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत आहे.

ही मुलं तिथे कशी पोचली, तेच या लेखात समजून घेऊ. ‘संस्था’ हा शब्द मी इथे अनाथाश्रम, बालगृह, वसतिगृह अशा सगळ्यांसाठी वापरणार आहे, म्हणजे जिथे मूल घर सोडून रात्रंदिवस राहतं आणि पगारी माणसं त्याला सांभाळतात अशी कुठलीही जागा.

आधी थोडा इतिहास

17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज या सशस्त्र कम्युनिस्ट संघटनेनं राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. काही दिवसांत शहरं रिकामी केली गेली. इस्पितळातल्या रुग्णांसकट सगळ्यांना गावाकडे, शेतांवर हाकललं. चलन रद्द झालं, शाळा बंद झाल्या, खासगी मालकी संपवली गेली. घरात चूल पेटवायलाही बंदी होती, सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात जेवायचं. मुलांना आई-बापांपासून तोडून वेगळ्या कामगार तुकड्यांमध्ये ठेवलं. घरच्यांवर पाळत ठेवायलाही शिकवलं. जानेवारी 1979 मध्ये व्हिएतनामच्या सैन्यानं ही राजवट उलथवली, तोवर उपासमारीनं, रोगराईनं, कामाच्या ओझ्यानं आणि कत्तलींत 15 ते 20 लाख माणसं मेली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा 80 लाखांच्याही आत होती. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक गेला.

पण 1979 ला शांतता आली असं नाही. ख्मेर रूजचे लोक थायलंडच्या सीमेवर सरकले आणि लढाई चालूच राहिली. लाखो निर्वासित सीमेवरच्या छावण्यांमध्ये राहिले, हजारो मुलं तिथेच जन्मली आणि वाढली. 23 ऑक्टोबर 1991 ला पॅरिसमध्ये शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली 1993 मध्ये निवडणूक झाली. त्या मोहिमेत भारतीय जवानही होते. ख्मेर रूजचा म्होरक्या पॉल पॉट 1998 च्या एप्रिलमध्ये मेला आणि त्या वर्षअखेरीस उरलेसुरले ख्मेर रूजही शरण आले.

बंदुका थांबल्या, मग गरिबी का नाही गेली?

युद्ध थांबलं की देश पुन्हा पूर्वीच्या जागेवरून चालू लागेल, असं आपण गृहीत धरतो. कंबोडियात पूर्वीची जागाच उरली नव्हती.

पहिली अडचण माणसांची. शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर, कारकून, चष्मा लावणारा, परकी भाषा येणारा असा जो जो शिकलेला दिसला त्याच्यावर ख्मेर रूजचा राग होता. 1979 मध्ये देशात जेमतेम काही डझन डॉक्टर उरले होते. शिक्षकांपैकी बहुतेक मारले गेले किंवा देश सोडून गेले. तेव्हा ज्यांना थोडंफार लिहितावाचता येत होतं, त्यांनाच घाईनं प्रशिक्षण देऊन वर्गावर उभं केलं. त्या वर्गांत शिकलेली मुलं आज आजी-आजोबा आहेत.

दुसरी अडचण जमिनीची. मालकीची कागदपत्रं 1975 नंतर नष्ट झाली होती. खासगी मालकी पुन्हा मान्य झाली ती 1989 मध्ये. दरम्यान कोण कुठे कसत होता, कुणाचा बांध कुठे होता, हे सांगणारी माणसंही अनेक ठिकाणी हयात नव्हती. ज्याच्याकडे ओळख आणि ताकद त्याला कागद मिळाला. बाकीच्यांकडे एखाद-दुसरं शेत राहिलं, तेही पावसावर अवलंबून.

तिसरी अडचण जमिनीच्या आत. सीमेलगत पेरलेले भूसुरुंग. 1979 पासून सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बांनी सुमारे 20 हजार माणसं मेली आणि 45 हजारांच्या आसपास जखमी किंवा अपंग झाली. आकडे कमी होत आले आहेत, पण पश्चिमेकडच्या गावांमध्ये नांगरताना स्फोट होण्याची भीती पूर्ण गेलेली नाही. सुरुंगानं पाय गेलेला बाप म्हणजे त्या घरातल्या मुलाची शाळा गेली, कारण त्याच्या वाट्याचं काम आता मुलाला करावं लागतं.

चौथी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आकडेवारीत ती नीट दिसत नाही. आपल्याकडे घरावर संकट आलं की मामा, काका, आत्या, चुलत आजी कुणीतरी मूल आपल्या घरी नेतं. कंबोडियातही हीच रीत होती, आजही आहे. पण चारातला एक माणूस मेलेल्या देशात ते काका आणि मामाच कमी उरले. जे उरले त्यांच्याही मनावर खोल जखमा होत्या. आधार देणारं गणगोत विरळ झालं, आणि संकट आलं की त्या विरळ जाळीतून मूल सहज खाली पडायला लागलं.

हे सगळं असूनही देशानं खूप प्रगती केली, हेही सांगायला हवं. कपड्यांचे कारखाने आले, पर्यटन वाढलं. 2019-20 मध्ये सरकारी व्याख्येनुसार 17.8 टक्के लोक गरीब होते. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी राहिलेल्या मुलांचं प्रमाण 2014 मध्ये 32 टक्के होतं, 2021-22 मध्ये 22 टक्क्यांवर आलं. पण दारिद्र्यरेषेच्या जरा वर चढलेली असंख्य कुटुंबं अशी आहेत की एक आजारपण किंवा एक कोरडं वर्ष त्यांना पुन्हा खाली खेचतं.

मूल घरातून संस्थेत कसं जातं?

समजा, प्रे वेंग प्रांतातलं एक कुटुंब आहे. थोडी भातशेती, तीन मुलं. आईला मोठं दुखणं लागतं. उपचारासाठी सूक्ष्म वित्तसंस्थेचं कर्ज काढतात. सूक्ष्म वित्त म्हणजे बँक ज्यांना दारात उभं करत नाही अशांना मिळणारं छोटं कर्ज. कंबोडियात ते आता छोटं राहिलेलं नाही. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात 20 लाखांवर माणसांनी अशी कर्जं घेतली आहेत आणि बऱ्याचदा जमिनीचा कागदच तारण ठेवलेला असतो. हप्ता थकला की जमीन विकायची, किंवा घरातल्या एकानं थायलंडला जायचं, किंवा मोठ्या मुलीनं नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यात लागायचं. काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तिथे भट्टीमालक जुनं कर्ज फेडतो आणि अख्खं घर त्याच्याकडे बांधलं जातं. वीटभट्टीवरची उचल म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

धाकट्या मुलाची शाळा नावापुरती फुकट आहे. प्रत्यक्षात गणवेश, वह्या, सायकल यांचा खर्च आहेच. शिवाय शिक्षकांचे पगार वर्षानुवर्षं इतके कमी होते की रोज मुलांकडून थोडे रिएल (तिथलं चलन) गोळा करण्याची पद्धत पडली. शाळा अर्धा दिवस भरते आणि उरलेल्या वेळात तोच शिक्षक पैसे घेऊन शिकवणी घेतो. शिकवणी नाही, तर अभ्यासक्रम अर्धा.

अशा वेळी कुणीतरी दारात येतं. कधी लांबचा नातेवाईक, कधी गावचा प्रमुख, कधी धर्मप्रसारक, कधी सरळसरळ संस्थेनं पाठवलेला माणूस. म्हणतो, शहरात एक केंद्र आहे, तिथे तीन वेळा जेवण, इंग्रजी, कॉम्प्युटर सगळं फुकट मिळेल. आई-बाप मूल ‘सोडत’ नाहीत. आपण जसं पोराला बोर्डिंगला टाकतो, तसंच त्यांना वाटतं. 2011 च्या पाहणीत कुटुंबांना विचारलं तेव्हा बहुसंख्यांनी सांगितलं की शिकवायची ऐपत नसेल तर गरीब आई-बापांनी मूल संस्थेत ठेवावं. म्हणजे मूल घराबाहेर जाण्याचं कारण मायेची कमतरता हे नव्हतं, शाळेचा खर्च हे होतं. एवढी एक गोष्ट नीट लक्षात आली की पुढचं सगळं सोपं जातं.

पण संस्था इतक्या वाढल्या कशा?

2004 मध्ये कंबोडियात साधारण 10 लाख परदेशी पर्यटक आले. 2010 मध्ये 25 लाख. 2019 मध्ये 66 लाख. यातले बरेच जण ‘अंगकोर वाट’ हे प्राचीन मंदिर बघायला सिएम रीप शहरात जातात, मग नॉम पेन्हला ख्मेर रूजचा छळ-तुरुंग बघतात. तो तुरुंग पाहिल्यावर कुणाचंही काळीज हलतं. काहीतरी द्यावंसं वाटतं. आणि हॉटेलच्या बाहेरच पत्रक मिळतं, संध्याकाळी अनाथ मुलांचा अप्सरा नृत्याचा कार्यक्रम, जरूर या.

संस्था जास्त करून कुठे उघडल्या, ते पाहा. सगळ्यात गरीब, दुर्गम प्रांतांत नव्हे. नॉम पेन्ह, सिएम रीप अशा पर्यटक जातात त्या ठिकाणी. मुलांची गरज एकीकडे आणि संस्था दुसरीकडे, म्हणून मुलांना गरजेच्या जागेवरून देणगीच्या जागेकडे आणावं लागलं.

दुष्काळी गावात टँकर येतो तेव्हा तो जीव वाचवतो, यात शंका नाही. पण टँकरचं बिल हेच कुणाचं तरी उत्पन्न झालं की गावची विहीर खोल करण्यात, बंधारा दुरुस्त करण्यात कुणाला रस उरत नाही. गाव कोरडं राहण्यावरच त्याचा धंदा चालतो. कंबोडियातल्या अनेक संस्थांचं असंच झालं. देणगी ‘मुलामागे’ मिळते, म्हणून मुलं हवीत. मूल घरी परत गेलं की देणगी कमी होते. पर्यटकाला मुलं दीनवाणी दिसली तर तो जास्त देतो, म्हणून काही ठिकाणी ती मुद्दाम दीनवाणी ठेवली गेली. आलेला तांदूळ आणि कपडे परत विकले गेले.

सगळे चालक लबाड होते असं अजिबात नाही. बरेच जण मनापासून राबणारे होते, आजही आहेत. टारा विंकलर ही ऑस्ट्रेलियन तरुणी याचं प्रसिद्ध उदाहरण. एका भ्रष्ट संस्थेतून मुलांना सोडवून तिनं 2007 मध्ये स्थानिक सहकाऱ्यांसोबत बट्टामबांग शहरात स्वतःचं बालगृह काढलं. पुढे तिला ख्मेर भाषा येऊ लागली, मुलं मोकळेपणानं बोलू लागली, आणि कळलं की त्यातल्या बहुतेकांना घर आहे, आई-बाप आहेत. मग तिच्या संस्थेनं बालगृहाचं काम बंद करून कुटुंबांना आधार द्यायचं काम सुरू केलं. हे तिनं जाहीरपणे सांगितलं, आणि त्यामुळे इतर अनेकांना तेच कबूल करणं सोपं गेलं. मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

‘निदान जेवण आणि शाळा तरी मिळते ना?’

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. उपाशी घरापेक्षा भरल्या ताटाची संस्था बरी नाही का?

याचं सगळ्यात भक्कम उत्तर रोमानियातून मिळालं. तिथे 1989 मध्ये हुकूमशहा चाउसेस्कूची सत्ता गेली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये होती. 2000 नंतर संशोधकांनी राजधानी बुखारेस्टमधल्या संस्थांतल्या 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून अर्ध्या मुलांना पालक-कुटुंबांकडे दिलं. पालक-कुटुंब म्हणजे दत्तक न घेता, ठरावीक काळ मूल आपल्या घरी वाढवणारं कुटुंब. त्यांची वर्षानुवर्षं तुलना केली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळणारं नातं, सगळं सुधारलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांमध्ये सुधारणा सर्वांत जास्त होती.

असं का होतं? तान्हं मूल रडतं, कुणीतरी ओळखीचं माणूस धावत येतं, मूल शांत होतं. हे दिवसातून कित्येकदा, रोज, तेच माणूस करतं. त्यातून मुलाच्या मेंदूची घडण होते. संस्थेत पाळी संपली की बाई बदलते. एका बाईकडे दहा-पंधरा मुलं. कितीही प्रेमळ असली तरी तिला ते शक्य नाही. त्यात दोन आठवड्यांसाठी आलेले परदेशी स्वयंसेवक. ते येतात, मुलांना कडेवर घेतात, खेळतात, फोटो काढतात आणि जातात. मग नवे येतात. कुठल्याही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल पाहून पाहुण्याला वाटतं, किती प्रेमळ आहे! बालमानसशास्त्राच्या दृष्टीनं ती धोक्याची खूण आहे. जो येतो त्याच्या गळ्यात पडणारं मूल वाईट माणसाच्याही गळ्यात पडतं. पार्श्वभूमी न तपासता कुणालाही मुलांजवळ जाऊ देणाऱ्या काही संस्थांमध्ये लैंगिक अत्याचाराचे गुन्हे घडले, परदेशी आणि स्थानिक दोन्ही माणसांना शिक्षा झाल्या.

आणि अठराव्या वर्षानंतर? गावात वाढलेल्या गरीब मुलाला निदान शेजारी असतात, लग्नाला येणारे नातेवाईक असतात, देवळातला ओळखीचा भिक्खू असतो, अडीनडीला उसने पैसे देणारा कुणी असतो. दहा वर्षं कुंपणाच्या आत काढलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. गावी परतलं तर ते परकं, शहरात एकटं. गरीब देशात माणूस नात्यांच्या जोरावर टिकतो, आणि ती नातीच त्याच्याकडून काढून घेतलेली असतात.

‘गरिबांच्या हातात पैसे दिले तर दारूत जातील’

हा दुसरा आक्षेप. तो कंबोडियातही ऐकू येतो आणि आपल्या ओट्यावरही. 2014 मध्ये जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले अनेक अभ्यास एकत्र तपासले. गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना जवळजवळ कुठेच आढळलं नाही. काही ठिकाणी तो कमीच झाला.

कंबोडियातलाच एक पुरावा मला फार बोलका वाटतो. सहावी झालेल्या गरीब मुलींसाठी तिथे एक शिष्यवृत्ती सुरू झाली होती. रक्कम वर्षाला 45 डॉलर. तिचा तपशीलवार अभ्यास झाला तेव्हा कळलं की शिष्यवृत्ती मिळालेल्या शंभरातल्या आणखी निदान 30 मुली पुढे शाळेत टिकल्या. वर्षाला 45 डॉलर! मूल संस्थेत ठेवण्याचा खर्च, इमारत, पगार, स्वयंपाक, वीज सगळं धरलं तर, याच्या कित्येक पट असतो. ज्या खर्चापायी मूल घर सोडत होतं, तो मुळात इतका लहान होता.

म्हणूनच ‘गरीब घरापेक्षा चांगली संस्था बरी’ ही तुलना मला पटत नाही. संस्थेला जाणाऱ्या पैशांतला थोडा भाग त्याच घरात गेला असता तर ते घर कसं झालं असतं, याच्याशी तुलना करायला हवी.

‘मग काय सगळ्या संस्था बंद करायच्या?’

नाही. काही घरं खरोखर धोक्याची असतात. मारहाण, व्यसन, अत्याचार, मूल विकलं जाण्याची शक्यता असेल तर मुलाला तिथून काढायलाच हवं, त्याच रात्री. ज्यांना खरोखर कुणी नाही अशीही मुलं आहेत. त्यांना तात्पुरतं सुरक्षित छप्पर हवंच. पण ते तात्पुरतं असावं, लहान असावं आणि पहिल्या दिवसापासून शोध सुरू असावा की हे मूल कुठल्या घरी जाऊ शकेल. आधी स्वतःचं घर, ते शक्य नसेल तर आजी-मावशी-काका, तेही नसेल तर पालक-कुटुंब किंवा दत्तक. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा एवढाच आहे.

घाईघाईनं संस्था रिकामी करणंही मुलांच्या अंगावर येतं. मुलाला गाडीत बसवून गावी सोडून दिलं आणि काम झालं, असं होत नाही. आई-बापांनी ते मूल सहा वर्षं पाहिलेलं नसतं. घरात आता सावत्र बाप असू शकतो. कर्ज तसंच असतं. सोडण्याआधी भेटीगाठी हव्यात, सोडल्यावर दोन-तीन वर्षं कुणीतरी येऊन पाहायला हवं, शाळेची फी आणि आजारपणाची सोय हवी. हे काम करणारे सामाजिक कार्यकर्ते कंबोडियात अजूनही फार कमी आहेत. संपूर्ण बदलातला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

सरकारनं काय केलं?

संस्था हा शेवटचा आणि तात्पुरता उपाय असावा, असं कंबोडियाच्या सरकारी धोरणात 2006 पासूनच लिहिलेलं होतं. कागदावरचं ते वाक्य जमिनीवर यायला जवळजवळ दहा वर्षं लागली. देशात संस्था किती आणि त्यात मुलं किती, हेच सरकारला नक्की माहीत नव्हतं, कारण बऱ्याच संस्थांची नोंदच नव्हती. 2015 मध्ये नियम कडक झाले आणि देशभर मोजणी झाली. 406 निवासी संस्था आणि 16,579 मुलं सापडली. वसतिगृहं आणि धार्मिक ठिकाणी राहणारी मुलं याहून वेगळी. त्यानंतर पाच प्रांतांमधल्या 30 टक्के मुलांना 2018 पर्यंत घरी पोचवायचं लक्ष्य ठरलं. पुढच्या वर्षांत संस्था आणि त्यातली मुलं दोन्ही बरीच कमी झाली.

दुसऱ्या बाजूनं घरांना आधार द्यायची व्यवस्थाही उभी राहिली. गावकऱ्यांनीच चर्चा करून गरीब कुटुंबांची यादी करायची आणि त्यांना ओळखपत्र द्यायचं, ही पद्धत 2000 च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाली. ते कार्ड असेल तर सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळतात. 2019 पासून गरीब गर्भवतींना आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी रोख मदत सुरू झाली. कोविडच्या काळात, जून 2020 पासून, हेच कार्ड असलेल्या सुमारे 7 लाख कुटुंबांना थेट पैसे दिले गेले. यादी आधीच तयार होती, म्हणून ते इतक्या लवकर जमलं.

आपल्याशी याचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. आपल्याकडेही बालगृहांमधल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. विधवा आई धुणीभांडी करते, सांभाळायला कुणी नाही, म्हणून मूल ‘संस्थेत टाकलंय’. 2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्यायच मानतो. आणि महाराष्ट्रात तर मूल घरातच वाढावं म्हणून बाल संगोपन योजना वर्षानुवर्षं आहे. एक पालक गेलेला, गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेला, अशा घरातल्या मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4,000 रुपये महिना आहेत. पण या योजना जिच्यासाठी आहेत त्या बाईला त्यांची नावंही माहीत नसतात, आणि कागद जमवायला तिला मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागतात. तिला अर्ज भरायला मदत करणं, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंत सोबत जाणं, हे काम कुणालाही करता येण्यासारखं आहे.

आता वाढदिवसाबद्दल. मुलाचा पहिला वाढदिवस, वडिलांचं वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायची आपल्याकडे फार रीत आहे. भावना निर्मळ असते, मला ठाऊक आहे. पण एकदा त्या मुलांच्या जागेवरून बघा. दर रविवारी नवं कुटुंब येतं, त्या घरातलं मूल आई-बापांच्या मधे उभं राहून केक कापतं, इतरांनी ओळीत बसून टाळ्या वाजवायच्या, फोटोत यायचं. द्यायचंच असेल तर वर्षभराची रक्कम ठरवून द्या, आणि देण्याआधी चालकांना विचारा. संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? इथल्या किती मुलांना पालक आहेत? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? जी संस्था या प्रश्नांनी खूश होते, तिथे काम नीट चाललेलं असतं. मूल संकटात दिसलं तर फोन 1098 वर करायचा. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर आहे.

अंगकोरला निघालात तर

व्हिएतनाम-कंबोडियाच्या सहली आता पुण्या-मुंबईहून भरभरून जातात. ता प्रोहम मंदिराच्या जतनाचं काम आपल्याच पुरातत्त्व खात्यानं केलं आहे, ते अवश्य पाहा. अनाथ मुलांना भेटवण्याचा कार्यक्रम सहलीत असेल तर सहल कंपनीला तो काढून टाकायला सांगा. 2011 पासून नॉम पेन्हची फ्रेंड्स-इंटरनॅशनल ही संस्था ‘मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे’ असं सांगणारी मोहीम चालवते आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं 2017 मध्ये आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अशा भेटींसाठी मुलं गोळा करण्याच्या प्रकाराची स्वतंत्र दखल घेतली, आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही त्याविरुद्ध ठराव केला.

देवळाच्या पायऱ्यांवर शाळेच्या वेळेत पोस्टकार्डं आणि बांगड्या विकणारी मुलं भेटतील. त्यांच्याकडून काही घेऊ नका. जड जातं, पण ती पायरीवर कमावत राहिली तर घरचे त्यांना शाळेत पाठवणार नाहीत. त्याऐवजी त्यांच्या आई-बापांकडून घ्या, म्हणजे गावातल्या बाईनं विणलेला कपडा, मोठ्या माणसाची टुकटुक रिक्षा, स्थानिक खाणावळीतलं जेवण. सिएम रीप आणि नॉम पेन्हमध्ये बेघर किंवा संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना स्वयंपाक आणि वाढपाचं काम शिकवणारी उपाहारगृहं आहेत, तिथे एक जेवण करा. आणि देणगी द्यावीशी वाटली तर मुलांना घरी ठेवायला, शाळेच्या फीला किंवा आईच्या कर्जाच्या हप्त्याला मदत करणाऱ्या संघटनेला द्या. थायलंडहून रिकाम्या हातांनी परतलेल्या आई-बापांच्या घरांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.